थांब्यावर नंबर लिहा

पुण्याच्या पेठांत नव्याने आलेल्या माणसाचा पहिला घोळ पत्त्यापासून सुरू होतो. 'घर क्रमांक अमुक, सदाशिव पेठ, भिकारदास मारुतीजवळ' एवढं हातात असतं. हा क्रमांक पेठेचा असतो, रस्त्याचा नसतो. रस्त्याने पुढे जावं तसे आकडे वाढत जातील, हा हिशेब इथे चालत नाही. लक्ष्मी रस्ता क्वार्टर गेटपासून अलका टॉकीजपर्यंत निम्मं जुनं गाव कापत जातो. पण त्यावरच्या घराच्या पत्त्यात त्याचं नाव येईलच असं नाही, पेठेचं मात्र हमखास येतं. म्हणून इथला पत्ता शेवटाकडून वाचावा: आधी पिनकोड, मग खूण, मग पेठ, आणि क्रमांक सगळ्यात शेवटी. ४११०३० म्हणजे सदाशिव, नारायण, शनिवार. ४११००२ म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. ४११०११ म्हणजे कसबा, सोमवार, रास्ता पेठ. एवढं पाठ असलं तरी गावाच्या भलत्या टोकाला उतरणं टळतं.

खूण म्हणजे बहुधा मारुती. सोन्या मारुती, डुल्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती. मारुती संपले की खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, गुपचूप गणपती. या नावांवर विनोद करून लोक थकले. पण गावाला रस्त्यांची नावं मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ही नावं दिशा दाखवण्याचं काम करत आली आहेत, आणि अजूनही चोख करतात. दुकान हलतं, बँकेची शाखा हलते, मारुती हलत नाही. अडचण वेगळीच आहे. पालिकेने प्रत्येक जागेला दुसरं एक अधिकृत नाव दिलं आहे. अलका टॉकीजचा चौक कागदावर टिळक चौक आहे. लकडी पूल हा संभाजी पूल आहे. स्वारगेटचा चौक जेधे चौक आहे. १९२३ मध्ये बांधून झालेला शिवाजी पूल शंभरी उलटली तरी बोलण्यात 'नवा पूल'च आहे. फोनमधला नकाशा कधी कागदावरचं नाव सांगतो, कधी तोंडातलं. कंडक्टरला तोंडातलंच कळतं. बससेवेचंही तेच. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. वर्तमानपत्रं तिला पीएमपी म्हणतात, आणि थांब्यावरच्या आजी अजून 'पीएमटी आली का?' असंच विचारतात.

दुसरा घोळ परतीच्या बसचा, आणि हा जवळजवळ प्रत्येकाचा होतो. स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे येणारी बस बाजीराव रस्त्याने येते: शनिपार, विश्रामबागवाडा, अप्पा बळवंत चौक. माणूस शनिपारला उतरतो, तुळशीबागेत फिरतो, आणि संध्याकाळी त्याच रस्त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन उभा राहतो. तिथे बस येत नाही, कारण रस्ता एकेरी आहे. परतीची बस शिवाजी रस्त्याने जाते, आणि तिच्यासाठी दगडूशेठ गणपतीच्या किंवा मंडईच्या बाजूला जावं लागतं. अंतर चालत पाच-सहा मिनिटांचं. पण ते शनिपारच्या थांब्यावर कुठेही लिहिलेलं नाही. थांब्यावर निवारा असतो, जाहिरात असते, निधी कोणाचा आणि संकल्पना कोणत्या माननीयांची हे ठळक अक्षरांत असतं. इथे कोणत्या नंबरच्या गाड्या थांबतात आणि उलट दिशेची गाडी कुठून मिळेल, एवढंच बहुतेक ठिकाणी नसतं किंवा असलं तर वाचता येत नाही.

माझं म्हणणं या एका नसलेल्या फलकापासून सुरू होतं. कोणतंही शहर तिथल्या माणसासारखं पाहता येणं ही पाहुण्याच्या रसिकतेची बाब आहे असं आपण धरून चालतो. ती मुळात नगरपालिकेची बाब आहे. इथला माणूस म्हणजे काय, तर ज्याला परतीचा थांबा ठाऊक आहे, मंडईत कुठल्या वेळी जावं ते ठाऊक आहे, कुठल्या बोळातून गेलं की सिग्नल वाचतो ते ठाऊक आहे. हे ज्ञान गुप्त नाही, पण तोंडी आहे. ज्याला विचारायचा संकोच वाटतो, ज्याला मराठी येत नाही, जी मुलगी संध्याकाळी सातनंतर अनोळखी माणसाला रस्ता विचारायला कचरते, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. तोंडी ज्ञान रस्त्यावर लिहून ठेवणं हे पालिकेचं काम. ते न केल्यामुळे हीच माहिती आता बाजारात विकली जाते. 'स्थानिकांसारखं पुणे अनुभवा' म्हणत माणशी हजार-हजार रुपये घेऊन तीन तासांची फेरी काढणारे काही चुकीचं करत नाहीत. त्यातले कित्येकजण अभ्यासू आहेत. पण सार्वजनिक सोय जिथे अपुरी पडते तिथेच त्यांचा धंदा उभा आहे, हे विसरू नये.

पीएमपीची 'पुणे दर्शन' बसही काही वाईट नाही. वयस्कर माणसांना, लहान मुलं बरोबर असलेल्यांना ती सोयीची आहे. पण तिच्यातून दिसतं ते ठिकाणांची यादी: उतरा, पाहा, चढा. दोन ठिकाणांच्या मधलं गाव काचेबाहेरून सरकत राहतं. पेठांत तर हे मधलं गावच पाहण्याजोगं आहे.

एक उदाहरण घेऊ. कसबा पेठेतून निघून महात्मा फुले वाड्यापर्यंत, वळणं-वळसे धरून, चार-साडेचार किलोमीटर चालणं होतं. सकाळी साडेआठला निघालं तर थांबत-थांबत बारापर्यंत पोचता येतं. याहून उशिरा निघू नये. दुपारी एक ते चार दुकानं बंद असण्यावरचे विनोद सोडून द्या, खरं कारण ऊन आणि गर्दी ही आहे. अकरानंतर रविवार पेठेत हातगाड्या, टेम्पो आणि दुचाक्या यांच्यामधून माणसाला वाट उरत नाही. स्वारगेट-पिंपरी मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन फडके हौदाच्या परिसरात आहे. २०२४ च्या सप्टेंबरात हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून पेठांत यायला सगळ्यात सोपा मार्ग हाच. मात्र कसबा पेठ ते मंडई एवढ्या एका स्टेशनासाठी पुन्हा मेट्रोत उतरू नये. सरकते जिने, तपासणी आणि गाडीची वाट धरली तर चालत तेवढाच वेळ लागतो.

फडके हौद हे नाव ध्यानात ठेवावं, कारण या वाटेवर हौदच हौद आहेत. कसब्याच्या गणपतीचं, म्हणजे ग्रामदैवताचं दर्शन घेऊन पूर्वेकडे गेलं की तांबट आळी लागते. पत्ता नसला तरी चालेल, ठोक्यांचा आवाज येतो. तांब्याच्या भांड्यावर बोथट तोंडाच्या हातोडीने शेजारी-शेजारी ठोके घालत जायचे, म्हणजे पत्रा घट्ट होतो आणि उजेडात चमकणारी ठिपक्यांची नक्षी उठते. याला मठार म्हणतात. ही कारागिरांची घरं आणि कामाच्या जागा आहेत, प्रदर्शन नाही. दारात उभं राहून पाहायला कोणी नको म्हणत नाही, पण फोटो काढण्याआधी विचारावं. आणि भांड्याचा भाव विचारला तर तो वजनावर आणि मजुरीवर ठरतो हे लक्षात घेऊन मगच घासाघीस करावी. जवळच बुरूड आळी आणि कुंभारवाडा. आळ्यांची ही नावं धंद्यांवरून पडली, धंदे मात्र बरेच आटले; तांबटांचा टिकला आहे.

नागझरी ओलांडली की सोमवार पेठ. नागझरी हा एके काळी गावाच्या पूर्वेचा ओढा. आज बहुतेकांना ती गटार वाटते, आणि पुलावरून जाताना आपण ओढा ओलांडतोय हे कळतही नाही. इथे कमला नेहरू रुग्णालयाच्या जवळ त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. १७५४ मध्ये बांधकाम सुरू झालेलं हे गोसाव्यांचं देऊळ काळ्या दगडाचं, लहानसं. दर्शनी भिंतीवर साखळदंडांनी गेंड्याला बांधणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत. मूर्ती तीन सोंडांची, मोरावर बसलेली. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर रोज हजारो माणसं फोटो काढतात. त्यांच्यापैकी किती जण इथपर्यंत येतात? अंतर एक-दीड किलोमीटरचं. दरवाजासमोरच्या चौकात या दिशेने बाण दाखवणारा एक फलक लावायला काय लागतं?

तिथून रविवार पेठेत यावं. बोहरी आळीत दोरी, पत्रा, खिळे, डबे, प्लॅस्टिकच्या पिशव्या. ज्याला घर मांडायचं आहे त्याने अर्धं सामान इथूनच घ्यावं. दुकानात शिरताना घाऊक की किरकोळ ते आधी विचारावं. काही दुकानदार डझनाखाली बोलतच नाहीत, आणि नवखा माणूस त्याला उद्धटपणा समजतो. सोन्या मारुती चौकाच्या आसपास अमृततुल्याचा चहा घ्यायला हरकत नाही: पितळी पातेलं, कापडी गाळणी, वेलची-सुंठ. मग मंडई.

मंडईची अष्टकोनी, मनोऱ्याची इमारत १८८६ मध्ये उघडली, तेव्हाचं तिचं नाव रे मार्केट. भाजी किलोवर घ्यायची, पालेभाजी गड्डीवर, आणि आवारात बाहेर बसलेल्यांकडे वाट्यावर. वाटा म्हणजे मांडून ठेवलेला ढीग. त्याचा भाव ठरलेला, त्यातलं निवडून मिळत नाही. निवडायचं असेल तर किलोचा भाव विचारावा. सकाळी माल ताजा आणि भाव चढा. रात्री आठनंतर माल थकलेला आणि भाव उतरलेला. हे कुठल्याही शहराच्या बाजाराला लागू आहे, आणि नव्या गावात रुळायची सुरुवात बहुधा अशाच एखाद्या बाजारातून होते.

मंडईच्या अवतीभवती शुक्रवार आणि बुधवार पेठांत काळा हौद, बदामी हौद ही नावं ऐकू येतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून दगडी, चुनेगच्ची बंदिस्त नळातून गावात पाणी आणलं गेलं. पंप नाही, काही नाही, फक्त उतार. नळात हवा कोंडू नये आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवले. गावात पोचलेलं पाणी हौदांत पडे, आणि तिथून लोक भरून नेत. कोणत्या हौदावर कोणी भरायचं याला अर्थातच जातीची कुंपणं होती. म्हणून ही वाट गंज पेठेत संपवावी. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला, तो याच वाड्यात. हौदांची नावं ऐकत इथवर चालत आलेल्या माणसाला त्या एका कृतीचं वजन कळतं. गाडीने थेट वाड्याच्या दारात उतरलेल्याला तो अंगणातला एक हौद दिसतो.

ही वाट कुठे अडते? आधी पायाखाली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या निकषांप्रमाणे (आयआरसी १०३) पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी चालती पट्टी हवी, बाजाराच्या भागात त्याहून जास्त. आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नको. १.८ मीटर का? दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात म्हणून. पेठांत रस्तेच अरुंद आहेत, सगळीकडे हे जमणार नाही, मान्य. पण जिथे पदपथ आहे तिथेही तो जमिनीपासून फूटभर उंच, दर वीस पावलांवर दुकानाच्या उतारासाठी तोडलेला, मध्ये विजेचा डीपी, त्यापुढे दुचाक्यांची रांग. असा पदपथ चढायचा-उतरायचा कंटाळा येऊन माणूस रस्त्यावरून चालतो, आणि मग 'लोक पदपथ वापरत नाहीत' म्हणून तो आणखी कापला जातो. वाईट याचं वाटतं की याच शहराने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, जंगली महाराज रस्त्यावर रुंद, बसायला बाक असलेला पदपथ करून दाखवला, आणि लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला एक दिवस वाहनं बंद ठेवून पादचारी दिनही साजरा केला. म्हणजे कसं करायचं ते ठाऊक आहे. वर्षातून एक दिवस ठाऊक असतं.

मग स्वच्छतागृह. साडेतीन तासांच्या वाटेवर स्त्रीला जाण्याजोगी जागा कुठे, हा प्रश्न फेरीची आखणी करताना पहिला विचारायला हवा, आणि तो कोणत्याही पर्यटन पत्रकात नसतो. पुण्यातच २०१६ च्या सुमारास भंगारात निघालेल्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं केली गेली, 'ती' या नावाने. कल्पना उत्तम. पण अशी सोय चालवायची तर पाणी, वीज आणि दिवसभर हजर असलेली सेविका यांचा खर्च दर महिन्याला येतो; उद्घाटनाचा खर्च एकदाच येतो. त्यामुळे आपल्याकडे उद्घाटनं होतात.

इथे एक खरा आक्षेप आहे, आणि तो टाळता येत नाही. पुणेकर बसने फिरतो कुठे? तो दुचाकीवर फिरतो. मग स्थानिकांसारखं शहर पाहायचं तर दुचाकीच भाड्याने घ्यावी, बसचं आणि पायांचं कौतुक कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे. पण दुचाकी ही पुणेकराची आवड कमी आणि नाइलाज जास्त. शहरी बससेवेसाठी केंद्राच्या निकषात लाख लोकसंख्येमागे ४० ते ६० बस धरतात. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाखांवर माणसं होती. म्हणजे तेव्हाच १,९०० ते २,९०० बस हव्या होत्या. त्यानंतर पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, माणसं किती वाढली ते कोणत्याही सिग्नलला उभं राहून पाहावं. आजच्या वस्तीला तीन हजारांखाली भागणार नाही, आणि ताफा त्याच्या बराच खाली आहे. २००६ मध्ये देशातला पहिला बीआरटी मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका, कात्रज-स्वारगेट-हडपसर असा इथेच सुरू झाला. पुढे नगर रस्त्यावरची बसची मार्गिका उखडून टाकण्यात आली. बस वीस मिनिटं येत नाही म्हणून माणूस कर्ज काढून दुचाकी घेतो, आणि त्या दुचाक्यांच्या गर्दीत बस आणखी अडकते. हा पुणेरी स्वभाव म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

शिवाय दुचाकीवरून शहर दिसत नाही. खड्डा दिसतो, पुढच्याचा ब्रेक-लाइट दिसतो, आणि कुठेही थांबायचं म्हटलं की पार्किंग शोधावं लागतं. तांबट आळीचा आवाज हेल्मेटमध्ये पोचत नाही.

आणि स्थानिक तरी कोणाला म्हणायचं? आज सदाशिव आणि नारायण पेठ पायाखाली कोणाला पाठ असेल तर ती लातूर, नांदेड, बीड, सोलापूरहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुलामुलींना. कॉट बेसिसवर खोली, अभ्यासिकेत दिवस, मेसचा डबा, रात्री अकराला चहा. कोणत्या अभ्यासिकेत पंखा चालतो, कोणत्या मेसमध्ये रविवारी एकच वेळ जेवण असतं, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं कुठे निम्म्या भावात मिळतात, पासष्ट रुपयांत दिवस कसा काढायचा, हे त्यांना विचारावं. बाणेरला वीस वर्षं राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांना ही पेठ गणपतीत एकदा दिसते. जन्माचा दाखला इथे उपयोगी पडत नाही, चपला किती झिजल्या तेवढं मोजावं. ही मुलं पाहुणी म्हणून आली आणि वर्षभरात गावची झाली, कारण त्यांच्याकडे चालण्याशिवाय पर्याय नव्हता. हिंजवडीला नोकरीला आलेला त्यांच्याच वयाचा मुलगा पाच वर्षं पुण्यात काढतो आणि त्याला गृहसंकुल, कंपनी आणि मॉल यांपलीकडे गाव दिसत नाही. त्याला कुतूहल नसतं असं नाही. रविवारी सकाळी हिंजवडीहून मंडईला यायचं आणि संध्याकाळी परत जायचं, हे बसने सहज जमेल याची त्याला खात्री वाटत नाही, एवढंच.

तिकिटाचंही पाहू. १ जून २०२५ पासून पीएमपीचे दर बदलले: पाच किलोमीटरपर्यंत १० रुपये, दहापर्यंत २०, दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसभराचा पास ७० रुपये. निगडी-कात्रज असे लांबचे टप्पे करणाऱ्याला पास परवडतो. पण पेठांत फिरणाऱ्याचा प्रत्येक टप्पा दहा रुपयांचा. सात वेळा चढल्या-उतरल्यावर कुठे पासाचे पैसे वसूल होतात. म्हणून तो पास घेत नाही, आणि सुटं तिकीट काढायचं तर दोन थांब्यांसाठी कशाला, म्हणून बसही घेत नाही. याच्यावर उपाय याच संस्थेने २०२१ मध्ये काढला होता: 'पुण्यदशम', मध्यवर्ती भागात लहान गाड्या, दहा रुपयांत दिवसभर कितीही वेळा. पेठांच्या रस्त्यांच्या रुंदीला, इथल्या खरेदीच्या सवयीला आणि नवख्या माणसाला, तिघांनाही सोसणारी याहून नेमकी योजना या शहरात झाली नाही. पर्यटनासाठी वेगळा निधी असेल तर त्यातला मोठा वाटा असल्या योजनेच्या तोट्यात घालावा. तो तोटा नाहीच. शनिवारवाड्यासमोरच्या वाहनतळावर होणारा खर्च त्याने वाचतो.

पण पैसा जातो कुठे? चौकातल्या 'आय लव्ह' अक्षरांच्या सेल्फी पॉइंटवर, पुलांच्या रंगीत दिव्यांवर, कारंज्यांवर. हा रोग जुना आहे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर शृंगारायला हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव पालिकेत आला, तेव्हा ३२ सदस्यांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले. आज ज्या मंडईला त्यांचं नाव आहे, तिच्या इमारतीच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. मंडईबाबत ते चुकले असं म्हणता येईल, इमारत दीडशे वर्षांच्या जवळ पोचली आणि रोज वापरात आहे. दिव्यांबाबत मात्र त्यांचं मत अजून लागू पडतं.

थांब्यांच्या फलकांना विरोध करणारे म्हणतात, आता 'आपली पीएमपीएमएल' ॲप आहे, त्यात गाडी कुठे आहे तेही दिसतं, फलक कशाला? ॲप चांगलं आहे, वापरावं. पण ते ज्याला कुठे जायचं ते आधीच ठाऊक आहे त्याच्या कामाचं. त्यात थांब्याचं नाव टाकावं लागतं, आणि नवख्याला नेमकं तेच येत नसतं. त्यातून स्वारगेट हा एक थांबा नाही, चौकाभोवती विखुरलेले अनेक थांबे आहेत. कात्रजची गाडी एकीकडून, हडपसरची दुसरीकडून. डेक्कनचं तसंच. गणपतीचे दहा दिवस आणि पालख्या मुक्कामी असतानाचे दोन दिवस मार्ग वळवले जातात. ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते तेव्हा, म्हणजे गाव सगळ्यात पाहण्यासारखं असतं नेमकं तेव्हा, वळवलेल्या मार्गाची बातमी वर्तमानपत्रात येते आणि थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती कोणी सांगत नाही.

फलकाला वीज लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही, सल्लागार नेमावा लागत नाही. पत्रा, रंग, आणि वर्षातून दोनदा मजकूर बदलायला एक माणूस. नाव दोन्ही लिहावं, कागदावरचं आणि तोंडातलं, आणि तोंडातलं मोठ्या अक्षरांत. मजकूर साधारण असा असावा:

शनिपार, बाजीराव रस्ता.
इथे थांबणाऱ्या गाड्या: नंबर, कुठे जाते, कशावरून जाते, किती मिनिटांनी येते.
शेवटची गाडी: वेळ.
स्वारगेटकडे जायचं असल्यास: मंडई थांबा, शिवाजी रस्ता. चालत ६ मिनिटं, बाण.
जवळचं स्वच्छतागृह: कुठे, किती वाजेपर्यंत उघडं.
जवळचं पिण्याचं पाणी: कुठे.
चालत १० मिनिटांत: तुळशीबाग, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय.

संकल्पना कोणाची, हे लिहायला खाली जागा सोडू नये.